विश्लेषण : नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांमध्ये एक महिला होती... वास्तुविशारद प्रवीणा मेहता कोण होत्या?

तळवली (नवी मुंबई) : दिवा, ऐरोली, रबाळे, गोठिवली, तळवली, घणसोली, कोपरखैरणे... ठाणे-बेलापूर पट्ट्यातील ही गावे सिडकोच्या कितीतरी आधीची. खाडीच्या बाजूला भातशेती आणि मिठागरे, मागे पारसिकचा डोंगर आणि मध्ये गावठाण. आज याच गावांच्या चारही बाजूंनी सेक्टर, टॉवर, रेल्वे स्थानके आणि आयटी पार्क उभे आहेत. हे शहर कोणाच्या डोक्यातून आले, असे विचारले की बहुतेक वेळा दोन उत्तरे मिळतात. एक सिडको, दुसरे चार्ल्स कोरिया. दोन्ही उत्तरे चूक नाहीत, पण अपुरी आहेत. सिडको स्थापन झाली १९७० मध्ये. तिच्या पाच-सहा वर्षे आधी मुंबईतील तिघांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना शासनापुढे ठेवली होती. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, अभियंते शिरीष पटेल आणि वास्तुविशारद व नगररचनाकार प्रवीणा मेहता, अशी ही तीन नावे. पहिल्या दोघांवर भरपूर लिहिले गेले. तिसरे नाव मात्र दोन स्वल्पविरामांच्या मध्ये अडकून राहिले.

कोण होत्या प्रवीणा मेहता?

प्रवीणा मेहता यांचा जन्म १९२० च्या दशकातला. कोरिया यांचा जन्म १९३० चा आणि पटेल यांचा १९३२ चा. म्हणजे तिघांमध्ये त्या वयाने मोठ्या. त्यांची पिढी स्वातंत्र्य चळवळीत वाढली, आणि मेहता यांनी ती चळवळ नुसती बाहेरून पाहिली नाही. त्या आंदोलनात उतरल्या, तुरुंगातही गेल्या. इमारतीपेक्षा शहराचा आणि शहरापेक्षा त्यात राहणाऱ्यांचा विचार करण्याची त्यांची सवय पुढे अनेक कामांत दिसते. तिचे मूळ बहुधा या काळात असावे.

त्या मुंबईच्या सर जे. जे. मध्ये वास्तुकला शिकायला गेल्या. आर्किटेक्चरच्या वर्गात मुली आज निम्म्या किंवा त्याहून अधिक दिसतात. तेव्हा चित्र वेगळे होते. पेरीन मिस्त्री यांनी १९३६ मध्ये याच जे. जे. मधून पदविका घेतली आणि त्या भारतातील पहिल्या महिला वास्तुविशारद म्हणून ओळखल्या जातात. म्हणजे मेहता वर्गात बसल्या तेव्हा या वाटेवर पाऊल पडून फार वर्षे झाली नव्हती. मिस्त्री यांच्यामागे कुटुंबाचीच वास्तुरचना फर्म होती. श्रीलंकेच्या मिनेट डी सिल्वा १९४० च्या सुमारास जे. जे. मध्ये शिकत होत्या. गांधीजींच्या अटकेनंतर निघालेल्या मोर्चात गेल्या म्हणून त्यांना संस्था सोडावी लागली. राजकारण आणि ड्रॉइंग बोर्ड यांची अशी टक्कर त्या काळच्या मुलींच्या वाट्याला वारंवार आली.

जे. जे. वर तेव्हा क्लॉड बॅटली या इंग्रज वास्तुविशारदाच्या शिकवणीची छाप होती. जुन्या भारतीय इमारती प्रत्यक्ष मोजायच्या, त्यांची रेखाटने काढायची, ऊन-वारा-पाऊस यांना त्या कशा तोंड देतात ते समजून घ्यायचे, हा बॅटली यांचा आग्रह. मेहता यांनी हे शिक्षण अर्ध्यात सोडले आणि त्या अमेरिकेला गेल्या.

शिकागोत त्या काय शिकल्या?

त्यांनी शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत वास्तुकलेचे शिक्षण घेतले. पोलाद आणि काचेच्या इमारतींनी जगाचे लक्ष वेधणारे मीस व्हॅन डेर रोह तेव्हा तिथल्या वास्तुकला विभागाचे प्रमुख होते. आधुनिक वास्तुकलेची ती राजधानीच म्हणायची.

पण नवी मुंबईच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्यांची दुसरी पदवी. त्यांनी शिकागो विद्यापीठातून नियोजन विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतले. हा अभ्यासक्रम जेमतेम दशकभर चालला, १९४७ ते १९५६. पण तो गाजला, कारण तिथे शहर नियोजन म्हणजे सुंदर नकाशे काढणे नव्हते. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, प्रशासन आणि लोकसंख्येचा अभ्यास यांच्या पायावर शहराचा विचार कसा करायचा, हे तिथे शिकवले जाई. रोजगार कुठे आहेत, जमिनीची किंमत कशाने वाढते, ती वाढ कोणाच्या खिशात जाते, असे प्रश्न तिथे आधी विचारले जात. रस्त्याची रुंदी नंतर.

तिघांची पार्श्वभूमी शेजारी ठेवून पाहिली तर मुद्दा लक्षात येतो. कोरिया यांचे शिक्षण मिशिगन आणि एमआयटीत वास्तुकलेचे. पटेल केंब्रिजमध्ये शिकलेले अभियंते, केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल त्यांचाच. मेहता यांच्याकडे वास्तुकलेच्या जोडीला नियोजनाचे रीतसर शिक्षण होते. नवी मुंबईच्या प्रस्तावातले कोणते वाक्य कोणी लिहिले हे वेगळे काढता येत नाही. पण त्या प्रस्तावाचा गाभा चित्रांचा नसून रोजगार आणि जमिनीच्या अर्थकारणाचा आहे, ही गोष्ट शिकागोची आठवण करून देणारी आहे.

१९५६ मध्ये मेहता मुंबईला परतल्या आणि त्यांनी स्वतःच्या नावाने काम सुरू केले. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या महिला वास्तुविशारद तेव्हा देशभरात बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. चंडीगडमध्ये उर्मिला यूली चौधरी काम करत होत्या, पण सरकारी प्रकल्पाच्या चमूत. स्वतःचे कार्यालय, स्वतःचे ग्राहक आणि स्वतःची सही, हा मार्ग निराळा होता.

१९६४ मध्ये मुंबईचे काय बिनसले होते?

मुंबई हे दक्षिणोत्तर लांबट बेट. कचेऱ्या, बँका, बंदर, मंत्रालय, न्यायालय हे सगळे दक्षिण टोकाला, आणि राहायला जागा उत्तरेकडे. त्यामुळे सकाळी सगळा लोंढा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी सगळा उत्तरेकडे. लोकल सकाळी एका दिशेने तुडुंब आणि उलट दिशेने बऱ्याच मोकळ्या. अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर हे शहर एकाच टोकाला बांधलेल्या लांब तुळईसारखे झाले होते, आणि सगळा भार मोकळ्या टोकावर चढत होता.

१९५१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे ३० लाख होती. १९६१ मध्ये ती साडेएकेचाळीस लाखांवर गेली. दहा वर्षांत साडेअकरा लाखांची भर. या पार्श्वभूमीवर १९६४ मध्ये मुंबई महापालिकेने शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध केला. बेट आणि उपनगरे यांच्या हद्दीत राहूनच वाढ कशी सामावून घ्यायची, याचा तो आराखडा होता. आराखडा आला की हरकती आणि सूचना मागवल्या जातात. बहुतेक हरकती आपल्या प्लॉटवरचे आरक्षण उठवा, रस्ता इकडून नको तिकडून न्या, अशा असतात. कोरिया, मेहता आणि पटेल यांची सूचना वेगळी होती. त्यांनी आराखड्याच्या गृहीतकावरच बोट ठेवले. उत्तरेकडे शहर कितीही ताणले तरी रोजगार दक्षिणेतच राहणार असतील, तर प्रवासाचा ताण वाढतच जाणार. दिशाच बदलायला हवी.

तिघांची कल्पना नेमकी काय होती?

नकाशा उघडा आणि मुंबईच्या पूर्वेकडे पाहा. मध्ये बंदर आणि ठाण्याची खाडी, पलीकडे मुख्य भूमी. फोर्टपासून उरण-पनवेलचा किनारा सरळ रेषेत बोरिवलीपेक्षा फार लांब नाही. तरीही तो शहराच्या हिशेबात नव्हता, कारण मध्ये पाणी होते. तिघांचे म्हणणे असे की शहर उत्तरेकडे रेषेत वाढवण्याऐवजी बंदराभोवती वर्तुळात वाढवावे. पाणी हा शहराचा शेवट न राहता मध्य व्हावा.

खाडीपलीकडे शहर वसवण्याची सूचना अगदीच नवी होती, असे नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने ठाणे खाडीवर पूल आणि पलीकडे वसाहत सुचवली होती. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखानेही येऊ लागले होते. तिघांच्या प्रस्तावाचे वेगळेपण त्याच्या आकारात आणि अटींमध्ये होते. त्यांना झोपायला घरी येणाऱ्यांचे उपनगर नको होते. मुंबईच्या तोडीचे, स्वतःचे रोजगार असलेले शहर हवे होते. आणि लोक तिकडे जावेत असे वाटत असेल तर सरकारने आधी स्वतः जावे, ही त्यातली कळीची अट. राज्याचे मंत्रालय आणि प्रशासन खाडीपलीकडे हलवले, तर त्यामागे कंपन्या, बँका, वकील, व्यापारी आपोआप जातील, असा तो हिशेब.

हा प्रस्ताव जून १९६५ मध्ये ‘मार्ग’ या कला-वास्तुकलेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मुल्कराज आनंद यांच्या संपादनाखालील या नियतकालिकाने संपूर्ण अंक मुंबईच्या नियोजनाला दिला होता. नियोजन आणि स्वप्न असे दोन्ही शब्द त्या अंकाच्या नावात होते. एका कला नियतकालिकाने शहराच्या भवितव्याला अख्खा अंक द्यावा आणि सरकारने तो गांभीर्याने घ्यावा, असा तो काळ होता.

पैसा कुठून येणार होता?

कोणत्याही मोठ्या आराखड्याला पहिला प्रश्न हाच विचारला जातो. तिघांचे उत्तर साधे आणि धाडसी होते : जमिनीतून. शहर येणार हे ठरण्याआधी या पट्ट्यातल्या जमिनीला शेतीचा भाव होता. ती सगळी जमीन सार्वजनिक मालकीत घ्यायची. मग रस्ते, पाणी, वीज, मलनिस्सारण उभे करायचे. सोयी आल्या की भाव वाढतो. त्या वाढीव भावाने भूखंड विकायचे आणि त्या पैशातून पुढचे रस्ते, पुढच्या वाहिन्या, कमी उत्पन्न गटासाठी घरे. भाववाढीचा फायदा दलालाला न मिळता शहराला मिळेल. सरकारी तिजोरीवर भार नाही.

आजच्या भाषेत हे एक्सेल शीटवर जुळणारे शहर होते. पुढे सिडकोने बऱ्याच अंशी हेच प्रारूप वापरले, आणि देशातील इतर नव्या शहरांच्या चर्चेतही ते येत राहिले. पण या शीटमध्ये एक रकाना असा होता, ज्याचा हिशेब पुढे फार महागात पडला. त्याकडे नंतर येऊ.

प्रस्तावाचे पुढे काय झाले?

१९६५ मध्येच राज्य सरकारने अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मुंबई आणि पुणे परिसराच्या प्रादेशिक नियोजनाचा विचार तिच्याकडे होता. तिनेही मुंबईचा भार मुख्य भूमीकडे वळवण्याच्या बाजूने कौल दिला. १९६६ मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा झाला. एमआरटीपी हे त्याचे संक्षिप्त नाव आजही प्रत्येक अनधिकृत बांधकामाच्या नोटिशीवर दिसते. त्यानंतर प्रादेशिक नियोजन मंडळ आले, त्याने खाडीपलीकडच्या शहराची शिफारस केली आणि वसंतराव नाईक यांच्या सरकारने ती स्वीकारली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांचा, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा पट्टा तिच्याकडे आला. चौकटीबाहेरची एक सूचना सहा वर्षांत सरकारी धोरण बनली. आपल्याकडे हा वेग दुर्मीळच.

सिडकोत कोरिया मुख्य वास्तुविशारद झाले. पटेल यांच्याकडे नियोजन आणि बांधकामांचे संचालकपद आले. दोघांनीही सुरुवातीच्या काही वर्षांत ही जबाबदारी सांभाळली. प्रस्तावावरच्या तीन सह्यांपैकी दोन सह्यांना सिडकोत खुर्ची मिळाली. इथून पुढे नवी मुंबईच्या इतिहासात मेहता यांचे नाव फक्त पहिल्या परिच्छेदापुरते येते. नंतर शहराची गोष्ट सांगताना मुलाखती पदावरच्या लोकांच्या होतात आणि लेख त्यांचेच छापले जातात. प्रत्येक वेळी कोणी मुद्दाम नाव गाळते असे नाही. पण परिणाम तोच होतो.

तिघांचा प्रस्ताव तरी जसाच्या तसा उतरला का? नाही. सर्वात महत्त्वाची अट सरकारनेच मोडली. मंत्रालय खाडीपलीकडे गेलेच नाही. उलट १९७० च्या दशकात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, म्हणजे रोजगार पुन्हा त्याच दक्षिण टोकाला. बेलापूरला कोकण भवन आणि सिडको भवन आले, पण ते काही मंत्रालय नव्हे. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये सुरू झाला. रेल्वे मात्र वाशीला पोहोचायला १९९२ उजाडले. कांदा-बटाटा, भाजी, फळे, धान्य यांचे घाऊक बाजार १९८० आणि ९० च्या दशकांत तुर्भे-वाशी भागात आले आणि शहराला खरी धग मिळाली ती या बाजारांमुळे आणि न्हावा-शेवा बंदरामुळे. ठाण्याहून घणसोलीमार्गे वाशीकडे जाणारी लोकल तर २००४ मधली. तोवर तळवली-घणसोली पट्ट्याचा भार ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या बसगाड्यांनीच वाहिला.

दरम्यान १९८१ च्या जनगणनेत मुंबईने ८२ लाखांचा आकडा ओलांडला होता. पलीकडचे शहर वेळेत आणि पूर्ण ताकदीने उभे राहिले असते तर तो किती असता, हा प्रश्न नगररचनेचे विद्यार्थी अजूनही सोडवत बसतात.

तळवलीसारख्या गावांच्या वाट्याला काय आले?

आता तो राहिलेला रकाना. जमीन शेतीच्या भावाने घ्यायची आणि शहराच्या भावाने विकायची, हे प्रारूप कागदावर निर्दोष आहे. पण ज्याची जमीन शेतीच्या भावाने गेली, त्या शेतकऱ्याचे काय? दोन भावांमधला फरक शहराच्या तिजोरीत गेला. म्हणजे दुसऱ्या बाजूने पाहिले तर तो आगरी-कोळी कुटुंबांच्या हातातून गेला. ९५ गावांच्या शेतजमिनी, मिठागरे संपादित झाली. खाडीवर पोट असलेल्यांचे नुकसान तर सातबाऱ्यावर दिसतही नव्हते.

या प्रश्नावर शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील जासई परिसरात आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जणांचा बळी गेला. जासईच्या या हुतात्म्यांना दरवर्षी जानेवारीत अभिवादन केले जाते. या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ शेतकऱ्यांना परत देण्याची योजना आली. तळवलीत किंवा शेजारच्या गोठिवलीत साडेबारा टक्के हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कुटुंबे वाढली, गावठाण वाढले नाही, म्हणून लोकांनी भोवती घरे बांधली. ती गरजेपोटीची घरे नियमित करण्याचा प्रश्न निवडणुकीच्या प्रत्येक जाहीरनाम्यात असतो.

याचा दोष एकट्या तिघांवर टाकणे योग्य नाही. मोबदला किती द्यायचा, पुनर्वसन कसे करायचे, हे निर्णय सरकारचे होते. पण जमिनीचे मूल्य सर्वांसाठी वापरण्याचा विचार करताना त्या जमिनीवर आधीपासून असलेल्यांना त्या मूल्यात भागीदार करणे, ही गोष्ट आराखड्याच्या पायातच हवी होती. ती २० वर्षांनी, आणि रक्त सांडल्यावर आली. मेहता यांच्या कामाचा मोठेपणा सांगताना ही बाजू झाकून चालणार नाही. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेल्या आणि पुढे झोपडपट्टी सुधारणेच्या प्रश्नात लक्ष घातलेल्या व्यक्तीच्या सहीच्या प्रस्तावाला हे लागू व्हावे, यातली विसंगती टोचणारी आहे.

कांचनजंगा आणि मेहता यांचा संबंध काय?

मुंबईत कंबाला हिलवर कांचनजंगा ही निवासी इमारत आहे. पेडर रोडच्या बाजूने जाताना तिचे कोपरे कापल्यासारखे दिसतात आणि आत रंगीत भिंती डोकावतात. वास्तुकलेच्या जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तिचा समावेश आहे आणि नाव येते कोरिया यांचे. १९७० ते १९८३ या काळातल्या या प्रकल्पात वास्तुविशारद म्हणून कोरिया यांच्यासोबत प्रवीणा मेहता होत्या, आणि संरचनेचे काम शिरीष पटेल यांच्या कंपनीकडे होते. म्हणजे नवी मुंबईचे तेच त्रिकूट.

इमारत २८ मजल्यांची, सुमारे ८४ मीटर उंच. पाया फक्त २१ मीटर बाय २१ मीटर. इतक्या उंचीत घरे किती, तर ३२. तीन ते सहा शयनगृहांची, चार प्रकारची. वेगवेगळ्या आकाराची ही घरे एकमेकांत अर्ध्या-अर्ध्या मजल्याने गुंतवली आहेत, लाकडी कोडे जुळवावे तशी.

कोडे सोडवायचे होते ते हवामानाचे. मुंबईत वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. समुद्राचे दृश्यही पश्चिमेलाच. मग घराचे तोंड पश्चिमेला हवे. पण दुपारचे भाजणारे ऊन आणि पावसाचे सपकारेही त्याच दिशेने येतात. कोकणातल्या घराने हा प्रश्न कधीच सोडवला होता : मधल्या घराभोवती पडवी. ऊन आणि पाऊस पडवीत अडतात, वारा आत येतो. मुंबईच्या जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यांनी तेच केले. कांचनजंगात ही पडवी उभ्या टॉवरमध्ये चढवली आहे. प्रत्येक घराच्या कोपऱ्याला दोन मजले उंचीची मोकळी गच्ची, आणि तिच्यामागे सावलीत दिवाणखाना.

गच्चीचा कोपरा मोकळा ठेवायचा तर तिथे खांब चालत नाही. म्हणून इमारतीच्या मध्यभागी लिफ्ट-जिन्याचा काँक्रीटचा भक्कम गाभा आहे, आणि गच्च्यांचे स्लॅब सहा मीटरहून अधिक बाहेर अधांतरी झेपावतात. हा गाभा स्लिपफॉर्म पद्धतीने, म्हणजे साचा हळूहळू वर सरकवत सलग काँक्रीट ओतून उभारला. आज ही पद्धत उंच इमारतींमध्ये सर्रास वापरली जाते. तेव्हा मुंबईत घरांसाठी ती नवलाची होती.

श्रीमंतांच्या ३२ घरांची इमारत आणि लाखो लोकांसाठीचे शहर ही दोन टोके आहेत हे खरे. पण वारा कुठून येतो हे आधी विचारायचे आणि मग भिंत काढायची, ही बॅटली यांच्या काळची शिस्त दोन्हीकडे उपयोगी पडणारी होती.

त्यांची आणखी कोणती कामे महत्त्वाची?

मेहता यांच्या नावावरच्या इमारती संख्येने मोठ्या नाहीत. अलिबागजवळ किहीम येथील पटेल कुटुंबाचे घर हे त्यांतले सर्वात जास्त उल्लेखले जाणारे. मांडव्याची जलद बोट नव्हती त्या काळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडून तिकडे जावे लागे. बंदराचा पलीकडचा किनारा मुंबईच्या किती जवळ आहे, हे समजायला असा प्रवास पुरेसा असतो. दुसरे नाव येते जे. बी. अडवाणी-ओर्लिकॉन कंपनीच्या इलेक्ट्रोड कारखान्याचे. वेल्डिंगच्या कांड्या बनवणारा हा कारखाना. एका महिला वास्तुविशारदाकडे घराच्या सजावटीचे काम सहज येई. कारखान्याचे येणे ही १९६० च्या दशकात मोठी गोष्ट होती.

मग नाव मागे का पडले?

एकच कारण नाही. वास्तुविशारदाची कीर्ती टिकते ती इमारतींची संख्या, छायाचित्रे, पुस्तके, पुरस्कार आणि कार्यालय पुढे चालवणारी माणसे यांच्या आधारावर. कोरिया यांना १९८४ मध्ये ब्रिटनचे रॉयल गोल्ड मेडल मिळाले, २००६ मध्ये पद्मविभूषण. पटेल अनेक वर्षे मुंबईच्या गृहनिर्माणावर सातत्याने लिहीत राहिले. दोघांचे विचार छापील स्वरूपात मुबलक आहेत. मेहता यांच्या वाट्याला यातले फारसे आले नाही. त्यांना जाऊनही तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. शिवाय तिघांनी मिळून केलेल्या कामाचे श्रेय लिहिताना सर्वात प्रसिद्ध नाव आधी येते, मग जागा कमी पडली की बाकीची कापली जातात. बातमीदारीत हे रोज घडते.

गेल्या काही वर्षांत भारतातील महिला वास्तुविशारदांवर स्वतंत्र संशोधन होऊ लागले. त्यात पेरीन मिस्त्री, उर्मिला यूली चौधरी यांच्यासोबत मेहता यांचेही नाव आवर्जून येते. नवी मुंबईत मात्र त्यांची ओळख अजून या वर्तुळाबाहेर फारशी गेलेली नाही.

त्यांच्या कल्पनेतले काय आज दिसते?

बंदराभोवतीचे वर्तुळ उशिरा का होईना, पुरे होत आले आहे. शिवडी ते न्हावा-शेवा हा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. त्याच दिवशी उरणपर्यंत लोकल पोहोचली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिका हद्दीत सव्वाअकरा लाखांच्या आसपास लोक होते. पनवेल, खारघर, उलवे, द्रोणागिरी या बाजूची वस्ती त्यात धरलेली नाही.

कांचनजंगा खासगी निवासी इमारत असल्याने आत जाता येत नाही, पण रस्त्यावरून तिचे कोपरे स्पष्ट दिसतात. किहीमचे घरही खासगीच. ‘मार्ग’चा जून १९६५ चा अंक जुन्या ग्रंथालयांत आणि वास्तुकला महाविद्यालयांच्या संग्रहांत शोधल्यास सापडू शकतो. नवी मुंबईची कल्पना मांडणारी तिन्ही नावे त्यात एकत्र आहेत.